न्यूफाउंडलंडचे पिल्लू घरी आणताना: आईवडिलांच्या अहवालांपासून पहिल्या पोहण्यापर्यंतचा क्रम

न्यूफाउंडलंड या मोठ्या अंगाच्या, पाण्याची ओढ असलेल्या कुत्र्याच्या जातीचे पिल्लू आणणाऱ्या बहुतेक घरांत चूक कामांच्या क्रमात होते. आधी पिल्लू पसंत केले जाते आणि त्यानंतर त्याच्या आईवडिलांचे तपासणी अहवाल, घरातली गुळगुळीत फरशी, जिना, खाणे आणि पोहणे यांचा विचार सुरू होतो. आठ आठवड्यांचे सात-आठ किलोचे हे पिल्लू दीड-दोन वर्षांत मादी असल्यास ४५ ते ५५ आणि नर असल्यास ६० ते ७० किलोचे होते. इतक्या वेगाने वाढणाऱ्या सांध्यांना पहिल्या काही महिन्यांत झालेली इजा पुढे पुरती भरून निघत नाही, म्हणून खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. मोठ्या अंगाच्या आणि पाण्याची ओढ असलेल्या इतर जातींनाही यातले बरेचसे लागू पडते. फक्त दुसऱ्या टप्प्यातली आजारांची यादी जातीनुसार बदलते.

टप्पा १: आधी स्वतःच्या घराची परीक्षा

या कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब, किंचित तेलकट आणि पाणी सहज आत न शिरू देणारे केस, तर खाली दाट मऊ लव. हे आवरण थंड पाण्यासाठी उत्तम आहे, पण उष्ण व दमट हवेत तेच कुत्र्याच्या जिवावर येऊ शकते. जिथे वर्षातले बरेच महिने उकाडा असतो, तिथे त्याला दिवसाचा मोठा भाग वातानुकूलित किंवा खरोखर थंड खोलीत ठेवावे लागते आणि फिरायला फक्त पहाटे किंवा रात्री न्यावे लागते. पुढची आठ-दहा वर्षे रोज हे करणे शक्य नसेल, तर ही जात निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अंगावरचे केस मुळापासून कापून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. कापलेले केस पुन्हा पूर्वीसारखे येतीलच असे नसते आणि उघड्या कातडीला ऊन थेट लागते.

लाळेचाही विचार आधीच करावा. प्रौढ न्यूफाउंडलंड पाणी पिऊन भांड्यापासून दूर गेला की त्याच्या लोंबत्या ओठांतून पाणी आणि लाळ खोलीभर ठिबकत जाते, आणि त्याने मान झटकली की तिचे पट्टे भिंतीवर दिसतात. वर्षातून एक-दोनदा आतली लव पुंजक्यांनी गळते. यात तक्रार करण्यासारखे काही नाही, परंतु घरातल्या एकालाही हे सहन होणार नसेल, तर ते पिल्लू येण्यापूर्वी कळलेले बरे.

पडताळणी: ज्या घरी या जातीचा प्रौढ कुत्रा आहे, तिथे घरातल्या सर्वांनी मिळून किमान दोन तास घालवावेत. पट्टा प्रत्येकाने हातात धरून पाहावा. ६० किलोचा कुत्रा एखाद्या वासामागे वळला की खांद्याला काय जाणवते, ते वाचून कळत नाही.

टप्पा २: पिल्लाआधी आईवडिलांचे अहवाल

पिल्ले पाहायला जाण्यापूर्वीच हे अहवाल मागवावेत. गोड पिल्लू एकदा मांडीवर येऊन बसले की अहवालातली त्रुटी कोणालाही क्षुल्लक वाटू लागते.

पहिला अहवाल हृदयाचा असावा. या जातीत महाधमनीच्या झडपेखाली तंतुमय कडे तयार होऊन रक्ताची वाट अरुंद होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. त्याला सबव्हॉल्व्ह्युलर एऑर्टिक स्टेनोसिस म्हणतात. सौम्य आजार असलेला कुत्रा वरकरणी धडधाकट दिसतो आणि त्याच्या पिल्लांत तोच आजार तीव्र स्वरूपात उतरू शकतो. तीव्र आजारात कुत्रा खेळताना कोसळतो, क्वचित जागच्या जागी दगावतो. म्हणून आई आणि वडील या दोघांचीही तपासणी प्राण्यांच्या हृदयरोगतज्ज्ञाने, शक्यतो डॉप्लर इकोकार्डिओग्राफीसह (ध्वनिलहरींनी हृदय आणि त्यातला रक्तप्रवाह पाहण्याची तपासणी), केलेली असावी. ‘आमच्या डॉक्टरांनी छाती तपासली आहे’ हे उत्तर अहवालाच्या जागी स्वीकारू नये.

दुसरा अहवाल खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांचा असावा. अमेरिकेतील ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अ‍ॅनिमल्स ही संस्था खुब्याचा अंतिम दाखला कुत्रा २४ महिन्यांचा झाल्यावरच देते. त्यामुळे पिल्लांची आई दोन वर्षांपेक्षा लहान असताना तिच्या नावाने असा अंतिम दाखला दाखवला जात असेल, तर तिथेच थांबावे. अन्य देशांतील संस्थांचे वयाचे नियम आणि प्रतवारीची अक्षरे वेगळी असतात; तिथे अहवालावरचे क्ष-किरण तपासणीच्या वेळचे वय आणि प्रतवारी या दोन गोष्टी आपल्या पशुवैद्याला दाखवाव्यात.

तिसरी चाचणी सिस्टिन्युरियाची. यात मूत्रपिंड सिस्टिन हे अमिनो आम्ल परत शोषून घेत नाही, ते लघवीत साठते आणि त्याचे खडे होतात. नराच्या अरुंद मूत्रमार्गात असा खडा अडकला, तर लघवी कोंडून जिवावर बेतते. न्यूफाउंडलंडमध्ये हा आजार पिल्लाला दोन्ही बाजूंनी दोषयुक्त जनुक मिळाले तरच होतो आणि त्यासाठी डीएनए चाचणी उपलब्ध आहे. आईवडिलांपैकी एक जरी पूर्ण दोषमुक्त असेल, तर पिल्लांपैकी कोणालाही हा आजार होत नाही. एका चाचणीने पूर्णपणे टाळता येणारा आजार केवळ चाचणी न केल्यामुळे पिल्लाच्या वाट्याला यावा, याचे मला फार वाईट वाटते.

पडताळणी: प्रत्येक अहवालावरचा मायक्रोचिपचा (ओळखीसाठी कातडीखाली बसवलेल्या चिपचा) क्रमांक समोरच्या कुत्र्याच्या चिपशी जुळवून पाहावा. नुसत्या नावावर विसंबू नये.

निराधार प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडून पिल्लू किंवा मोठा कुत्रा दत्तक घेताना आईवडिलांचे अहवाल बहुधा मिळत नाहीत. तो मार्ग त्यामुळे बाद होत नाही. अशा वेळी घरी आणण्याआधी किंवा आणल्यावर लगेच त्याच कुत्र्याच्या हृदयाची तपासणी आणि सिस्टिन्युरियाची चाचणी करून घ्यावी, आणि वय पुरेसे असेल तर खुब्याचे क्ष-किरण चित्र काढावे. दीड-दोन वर्षांचा कुत्रा घेतल्यास त्याचा आकार, स्वभाव आणि चाल आधीच दिसते, हा मोठाच फायदा आहे.

टप्पा ३: वाट पाहण्याच्या काळात घर तयार करणे

चांगल्या वेतासाठी कित्येक महिने थांबावे लागते. त्या काळात पुढील कामे उरकावीत.

सर्वांत आधी फरशी. गुळगुळीत फरशीवर पिल्लाचे मागचे पाय बाजूला फाकतात आणि खुब्याच्या कोवळ्या सांध्यावर चुकीचा ताण येतो. पिल्लू जिथे झोपेल, जेवेल आणि जिथून बाहेर जाईल, त्या सगळ्या वाटेवर न घसरणाऱ्या सतरंज्या किंवा रबरी चटया अंथराव्यात. त्यांचे कोपरे खालून चिकटवावेत, कारण उचकटलेला कोपरा पिल्लाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही. त्यानंतर जिन्याला वर आणि खाली अशी दोन्हीकडे फाटके बसवावीत.

घराच्या आवारात हौद, तळे किंवा पोहण्याचा तलाव असेल, तर पिल्लू येण्यापूर्वीच त्याला कुंपण घालावे. ही जात पाण्याकडे आपणहून जाते. आठ-दहा आठवड्यांचे पिल्लू पाण्यात सहज उतरते, पण उभ्या काठावरून बाहेर येणे त्याला जमत नाही.

झोपण्याचा पिंजरा प्रौढ कुत्र्याच्या मापाचा घेऊन मध्ये सरकते विभाजन लावावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट, झायलिटॉल असलेले बिनसाखरेचे च्युइंगम आणि माणसांची वेदनाशामके पिल्लाच्या तोंडाला लागणार नाहीत अशी ठेवावीत. उंचीचा अंदाज घेताना पिल्लाऐवजी सहा महिन्यांचे कुत्रे डोळ्यांसमोर आणावे. तोवर स्वयंपाकघरातल्या ओट्याची कड त्याच्या नाकाच्या टप्प्यात आलेली असते.

टप्पा ४: वेतातून पिल्लू निवडणे

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. पाचव्या-सहाव्या आठवड्यात नेलेले पिल्लू भावंडांच्या खेळातून शिकायचे ते शिकत नाही. आपला चावा किती जोरात लागतो, ही त्यातली पहिली गोष्ट. पुढे ७० किलोच्या होणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत ही उणीव लहान राहत नाही.

भेट झाल्यावर आधी आईकडे पाहावे. अनोळखी माणसे आल्यावर ती शांत राहते का, पिल्लांना हात लावू देते का, यावरून पिल्लांच्या स्वभावाचा बराचसा अंदाज येतो. मग पिल्लांना न उचलता दहा-पंधरा मिनिटे खेळताना पाहावे. जवळ चुटकी वाजवल्यावर पिल्लू दचकून लगेच सावरते आणि आवाजाकडे येते, हे चांगले लक्षण आहे. कोपऱ्यात दडून बसणारे आणि सगळ्यांवर सतत चढाई करणारे, ही दोन्ही पिल्ले पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याने टाळावीत. त्यानंतर हाताने तपासावे: डोळ्यांच्या पापण्या आत किंवा बाहेर वळलेल्या नसाव्यात, कानांना वास नसावा, बेंबीपाशी फुगवटा नसावा आणि मागून पाहताना चाल सरळ असावी.

चूक: वेतातले सर्वांत गुबगुबीत पिल्लू निवडणे. लोकांना ते सर्वांत निरोगी वाटते, पण या जातीत जादा वजन सांध्यांवर पडते. ‘दुर्मीळ रंग’ म्हणून पुढे केलेल्या पिल्लाबाबतही तेच. केसांच्या रंगावरून हृदयाची झडप किंवा खुबा कसा आहे हे कळत नाही.

कागदपत्रांत लसीकरणाची व जंतनाशकाची नोंद, चिपचा क्रमांक, आईवडिलांच्या अहवालांच्या प्रती आणि आजार निघाल्यास किंवा सांभाळणे अशक्य झाल्यास पिल्लू परत घेण्याची लेखी हमी असावी.

टप्पा ५: प्रवास आणि पहिले पंधरा दिवस

प्रवासात पिल्लू पिंजऱ्यात किंवा सुरक्षित पट्ट्यात असावे आणि निघण्याआधीचे दोन-तीन तास त्याला जेवण देऊ नये. येताना भावंडांचा वास असलेले एखादे फडके मागून आणावे आणि ते पहिल्या रात्री पिंजऱ्यात ठेवावे. पहिले काही दिवस पिंजरा आपल्या अंथरुणाशेजारीच असावा.

दोन ते तीन दिवसांत पशुवैद्याकडे पूर्ण तपासणी करून घ्यावी आणि हृदयातला आवाज काळजीपूर्वक ऐकण्याची विनंती करावी. सबव्हॉल्व्ह्युलर एऑर्टिक स्टेनोसिसचा आवाज वाढीच्या काळात नव्याने उमटू शकतो, त्यामुळे एका तपासणीवर न थांबता प्रत्येक लसीच्या वेळी छाती पुन्हा ऐकून घ्यावी. डिस्टेंपर, पार्व्हो आणि अ‍ॅडिनोव्हायरस यांच्या लसींचे डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने पिल्लू १६ आठवड्यांचे होईपर्यंत किंवा त्यानंतरही चालू ठेवावे लागतात. पोहणाऱ्या कुत्र्यासाठी लेप्टोस्पायरोसिसची लस विसरू नये. हे जिवाणू उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरतात आणि कुत्र्याकडून माणसालाही त्यांची बाधा होऊ शकते.

नवी माणसे, आवाज आणि जागा यांची ओळख करून देण्याचा सर्वांत मोलाचा काळ १४ आठवड्यांच्या आसपास संपत येतो, म्हणजे लसीकरण पुरे होण्याआधीच. म्हणून या दिवसांत पिल्लाला उचलून बाहेर न्यावे, अनोळखी कुत्रे फिरतात अशा जमिनीवर मात्र ठेवू नये. रोज पंजे, कान, ओठांची आतली बाजू आणि शेपटीखालचा भाग हाताळावा. अंगावर उडी मारणे पहिल्या दिवसापासून टाळावे. आज जी उडी गुडघ्यापर्यंत पोहोचते, ती वर्षभराने खांद्यांपर्यंत पोहोचेल.

टप्पा ६: खाणे आणि वजन

सर्वांत जास्त नुकसान या टप्प्यावर होते, आणि तेही प्रेमापोटी होते.

पहिले काही दिवस पूर्वीचेच खाणे द्यावे आणि मग सात ते दहा दिवसांत थोडे थोडे मिसळत नवे सुरू करावे. खाण्याच्या पाकिटावर ते मोठ्या जातींच्या पिल्लांच्या वाढीसाठी, म्हणजे प्रौढपणी ३२ किलोंहून अधिक वजन होणाऱ्या कुत्र्यांसाठी योग्य असल्याचे स्पष्ट लिहिलेले असावे. कोरड्या वजनाच्या, म्हणजे खाण्यातले पाणी वगळून उरलेल्या वजनाच्या, हिशेबाने कॅल्शियम ०.८ ते १.२ टक्क्यांच्या आसपास असणे चांगले. लहान पिल्लांच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही. दिलेले बरेचसे शोषले जाते आणि हाडांची वाढ बिघडते.

सावधान: संतुलित खाण्यावर कॅल्शियमची पावडर, गोळ्या किंवा ‘हाडे मजबूत करणारे’ सिरप घालू नये. पाय वाकडे दिसत आहेत म्हणून कॅल्शियम वाढवणे ही तर सर्वांत घातक चूक आहे, कारण ते वाकडेपण जादा कॅल्शियममुळेही आलेले असू शकते.

चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे आयुष्यभर किमान दोन वेळा खायला द्यावे. वाढीच्या भरात वजन आठवड्याला किलोहून अधिक वाढते, म्हणून दर आठवड्याला ते मोजून लिहून ठेवावे. पिल्लू उचलण्यापलीकडे गेले की पशुवैद्याकडच्या काट्यावर मोजावे.

पडताळणी: या जातीत डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, केसांखाली सगळे झाकलेले असते. बोटे सपाट ठेवून बरगड्यांवरून फिरवावीत. न दाबता एकेक बरगडी लागली पाहिजे. ती शोधण्यासाठी दाबावे लागत असेल, तर त्याच दिवशी खाणे थोडे कमी करावे.

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत जठर फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका असतो. एकदम पोटभर जेवण आणि जेवणाच्या आगेमागे तासाभरात धावपळ टाळावी. पोट ताठ फुगणे, ओकारीचे उमाळे येऊनही काही बाहेर न पडणे, अस्वस्थ येरझारा आणि अचानक वाढलेली लाळ ही लक्षणे दिसताच, मध्यरात्र असली तरी, पशुवैद्यकीय रुग्णालय गाठावे. जठर पोटाच्या भिंतीला टाचण्याची प्रतिबंधक शस्त्रक्रिया नसबंदीच्या वेळीच करता येते. नसबंदी कधी करावी हे मात्र वाढ पुरी होण्याचा विचार करून पशुवैद्याशी ठरवावे, घाई करू नये.

टप्पा ७: जमिनीवरचा व्यायाम

न्यूफाउंडलंड, लॅब्राडोर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार जातींचा नॉर्वेत अभ्यास झाला आणि तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांच्या आत जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या सांध्याच्या विकाराचा धोका त्यात अधिक आढळला, तर त्याच वयात बाहेर मऊ, किंचित उंचसखल जमिनीवर पट्ट्याविना फिरणाऱ्या पिल्लांत तो कमी आढळला. यावरून नियम सोपा होतो. पिल्लाला कोंडून ठेवू नये आणि पळवूही नये. गवतावर मोकळे सोडावे आणि थांबायचे केव्हा ते त्याला ठरवू द्यावे. सायकलीबरोबर धावणे, फेकलेल्या चेंडूमागे पुन्हा पुन्हा वळणे आणि गाडीतून खाली उडी मारणे या गोष्टी वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे साधारण दीड वर्षापर्यंत, टाळाव्यात. गाडीसाठी उतरती फळी आत्ताच घ्यावी आणि तिच्यावरून चालण्याची सवय लावावी. मोठेपणी त्याला कोणी उचलू शकणार नाही.

टप्पा ८: पाण्याशी ओळख

बोटांमधला पडदा आणि पाण्याची ओढ जन्मजात असते, पोहण्याचे कसब नसते. ‘ही जात आपोआप पोहते’ या समजापायी पिल्लाला पाण्यात टाकले जाते, आणि एकदा नाकातोंडात पाणी गेलेले पिल्लू पुढे काठापर्यंत यायलाही तयार होत नाही. पुढील पायऱ्यांपैकी एकही गाळू नये.

१. घरी पसरट टबात पंजे बुडतील एवढेच कोमट पाणी घ्यावे, तळाशी रबरी चटई घालावी आणि पिल्लाला स्वतःहून आत-बाहेर करू द्यावे.

२. लसीकरणाबाबत पशुवैद्याची संमती मिळाल्यावर उबदार दिवशी संथ, उथळ आणि हळूहळू खोल होत जाणाऱ्या काठाशी न्यावे. जोराचा प्रवाह, निसरडे दगड किंवा पृष्ठभागावर हिरवा-निळा तवंग असेल, तर परत फिरावे. त्या शैवालाचे विष कुत्र्याला मारू शकते.

३. पोहण्याआधी बाहेर येणे शिकवावे. पिल्लू घोटाभर पाण्यात असतानाच ‘ये’ म्हणून काठावर बोलवावे आणि खाऊ द्यावा. हे दहा-बारा वेळा बिनचूक झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. तलावात पोहणार असेल, तर पायऱ्या कुठे आहेत हे प्रत्येक बाजूने दाखवावे.

४. पाठीवर पकड असलेले, अंगाला नीट बसणारे तरंगजॅकेट घालावे. गळपट्टा काढावा. जॅकेटचे पट्टे दर आठवड्याला तपासावेत, कारण मागच्या रविवारी सैल असलेला पट्टा या रविवारी काखेत रुततो.

५. मग आपण स्वतः पाण्यात जावे आणि पिल्लाला मागे येऊ द्यावे. बहुतेक पिल्ले छातीला पाणी लागले की थांबतात, एक पंजा उचलून पाण्यावर आपटतात आणि आपल्याकडे पाहतात. या क्षणी ओढू नये. तिथेच उभे राहून शांतपणे बोलावे. ते आले तर एक हात पोटाखाली ठेवावा. परत फिरले तर आजचा दिवस तिथेच संपवावा.

६. पाय सुटल्यावर पहिल्या वेळी दोन-तीन मिनिटे पुरेत. पुढचे पंजे पाण्याबाहेर येऊन फटफटा आपटत असतील आणि अंग उभे होत असेल, तर पिल्लू घाबरले आहे किंवा थकले आहे. पाठीची पकड धरून त्याला आडवे करावे आणि काठाकडे वळवावे.

सावधान: मोठा झाल्यावर हा कुत्रा पोहणाऱ्या माणसाभोवती घिरट्या घालतो, त्याला ‘वाचवायला’ जातो आणि नखांनी ओरबाडतो किंवा अंगावर चढतो. लहान मुले आणि कुत्रा यांना एकाच वेळी पाण्यात सोडू नये. पाण्यातली खेळणी तोंडात धरताना बरेच पाणी गिळले जाते. गोड्या पाण्याचा अतिरेक झाल्यास रक्तातले सोडियम घटते आणि खारे पाणी पोटात गेल्यास ते वाढते. दोन्ही अवस्था धोक्याच्या आहेत, म्हणून दर दहा मिनिटांनी बाहेर बोलावून विश्रांती आणि प्यायला स्वच्छ पाणी द्यावे.

टप्पा ९: पाण्यातून बाहेर आल्यावर

स्वच्छ पाण्याने अंग धुऊन आधी शोषक पंचाने दाबून पुसावे आणि मग गार किंवा किंचित कोमट हवेच्या झोताने केसांच्या मुळापर्यंत वाळवावे. वरचे केस अर्ध्या तासात कोरडे दिसतात आणि इथेच फसगत होते. कानामागे, काखेत आणि शेपटीच्या मुळाशी बोटांनी केस फाकून आतली लव गालाला लावून पाहावी. ती गार लागत असेल, तर आत अजून ओल आहे. तशीच राहिली, तर एका रात्रीत कातडी लाल होते, चिघळते आणि कुत्रा ती चाटून जखम वाढवतो. कान मऊ कापडाने दिसेल तेवढेच पुसावेत, काडी आत घालू नये. केस वाळल्यावरच विंचरावेत, कारण ओल्या गुंत्यात फणी ओढली की कातडी ताणली जाते.

जेवण तासाभराने द्यावे. थंड पाण्यात किंवा सवयीपेक्षा जास्त पोहल्यानंतर काही कुत्र्यांची शेपूट मुळापाशी ताठ राहून पुढे लुळी लोंबते आणि हात लावल्यास दुखते. शेपटीच्या स्नायूंवर ताण आल्यामुळे असे होते आणि बहुधा काही दिवसांच्या विश्रांतीने ती बरी होते. तरीही शेपटीचे हाड मोडलेले नाही ना, हे पशुवैद्याकडून पाहून घ्यावे आणि माणसांचे वेदनाशामक औषध मनाने देऊ नये.